मास्टर्स : आधी प्रश्न, मग देश!

सर्वप्रथम एक कबुली. मी बालवाडीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठीचा तास शेवटचा असायचा आणि बऱ्याचदा तो पी.टी.लाच जायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात ही नम्र विनंती! पण हा लेख मला मराठी विभागातच द्यायचा होता. कारण ह्या विषयावर आमच्या घरात जे काही बोलणं झालं, भांडणं झाली, ती सगळी मराठीत झाली.

झालं असं. मागच्या सेमिस्टरला एका रविवारी आम्ही रूममधल्या तिघीजणी एका कन्सल्टन्सीच्या सेमिनारला गेलो होतो. एसी हॉल, फुकट पेन, फुकट पिशवी, समोसा आणि चहा. (मेसच्या रविवारपेक्षा नक्कीच बरं!) तिथल्या सरांनी मला सी.जी.पी.ए. विचारला, बजेट विचारलं आणि दहा मिनिटांत आठ युनिव्हर्सिटींची यादी हातात दिली. 'एम.एस. इन इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर इंजिनीअरिंग.' मी हवेतच परत आले.

रात्री बाबांना फोन केला. आमचे बाबा मिरजेत घरांच्या वायरिंगची कामं घेतात. खर्चाचा आकडा ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "घर आहे ना आपलं, ते तारण ठेवू. तू काळजी करू नकोस." आणि फोन ठेवायच्या आधी त्यांनी सहज विचारलं, "पण त्यात नेमकं शिकवतात काय गं?"

मला उत्तर देता आलं नाही! तीन वर्षं इंजिनीअरिंग करून, आठ युनिव्हर्सिटींची यादी हातात धरून, आणि ज्या घराच्या भिंतीतली प्रत्येक वायर बाबांनी स्वतः ओढली आहे ते घर पणाला लागत असताना, मला त्या डिग्रीत काय असतं हे सांगता आलं नाही. तेव्हापासून सीनियर ताईंना, आमच्या सरांना पिडून आणि लायब्ररीत बसून जे काही गोळा केलं, ते ह्या लेखात मांडत आहे. हा लेख म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

१) नावातला 'आणि'

इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर. आपल्याकडे ह्या दोन वेगळ्या ब्रँच, दोन वेगळ्या बिल्डिंग. मग परदेशात बऱ्याच ठिकाणी हा एकच विभाग का? अमेरिकेतल्या एम.आय.टी.नेसुद्धा १९७५ साली आपल्या इलेक्ट्रिकल विभागाच्या नावात कॉम्प्युटर सायन्स जोडलं. ह्या 'आणि'च्या मुळाशी जे काम आहे त्यात एका मास्टर्सच्या थिसिसचा मोठा वाटा आहे. म्हणून ती गोष्ट आधी सांगते.

क्लॉड शॅनन नावाचा मुलगा १९३६ साली मिशिगन युनिव्हर्सिटीतून इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग आणि गणित अशा दोन पदव्या घेऊन बाहेर पडला. पुढे काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. (ओळखीचं वाटतंय ना?) तिथल्या नोटीस बोर्डावर त्याला एक सूचना दिसली. एम.आय.टी.मध्ये व्हॅनेवार बुश यांच्या 'डिफरन्शियल अ‍ॅनालायझर' ह्या मशीनवर काम करायला असिस्टंट हवा होता. मशीन चालवायचं, आणि सोबत मास्टर्स करायचं. तो गेला. तात्पर्य क्रमांक एक : नोटीस बोर्ड वाचत जा!

ते मशीन दांडे, चाकं, गिअर यांचं होतं, पण त्याला चालवणारं कंट्रोल सर्किट रिलेंचं होतं. रिले म्हणजे विजेने उघड-बंद होणारा स्विच. त्या काळी अशी सर्किट्स अनुभवाने, अंदाजाने जोडली जायची. शॅनन रोज ती बघत होता. त्याने मिशिगनमध्ये तर्कशास्त्राच्या तासाला जॉर्ज बूल यांचं बीजगणित शिकलं होतं. बूल यांनी ते १८५४ च्या पुस्तकात मांडलं होतं, आणि त्यात फक्त दोनच किमती असतात : खरं किंवा खोटं. शॅननच्या लक्षात आलं की स्विचलाही दोनच अवस्था असतात. बंद किंवा उघडा. म्हणजे जे गणित वाक्यांना लागू पडतं तेच स्विचलाही लागू पडेल!

१९३७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने ह्यावर सत्तरएक पानांचा थिसिस लिहिला. तो साधा मास्टर्सचा थिसिस होता, पीएच.डी.चा नव्हे. जपानमध्ये अकिरा नाकाशिमा यांनीही त्याच सुमारास रिले सर्किट्सवर अशाच प्रकारचं काम केलं होतं. पण जगभर डिजिटल डिझाईनचा पाया म्हणून ओळखला गेला तो शॅननचा थिसिस. आपण दुसऱ्या वर्षाला डिजिटलच्या पेपरात जे के-मॅप भरतो, त्याच्या मागची मूळ कल्पना ही.

२) जिन्यातला दिवा बेरीज करतो!

आता हे बाबांना कसं सांगायचं? मी त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण घेतलं. तुम्हीही जेवण झाल्यावर हॉस्टेलच्या जिन्यात उभे राहून करून बघा.

पहिला नियम. दोन स्विच एकामागोमाग (सीरिजमध्ये) जोडले तर दिवा कधी लागेल? पहिला चालू 'आणि' दुसरा चालू असेल तेव्हाच. दोन स्विच शेजारी-शेजारी (पॅरलल) जोडले तर? पहिला 'किंवा' दुसरा. बस्स, वायरिंगमधून 'आणि', 'किंवा' हे शब्द तयार झाले. (शॅननने खुणा थोड्या उलट्या वापरल्या होत्या, पण अर्थ तोच.)

दुसरं, काटकसर. समजा दिवा लागण्याची अट अशी आहे : (क आणि ख) किंवा (क आणि ग). जशीच्या तशी जोडली तर चार काँटॅक्ट लागतात. पण शाळेत आपण 'क' कॉमन बाहेर काढायचो तसा काढला, तर उरतं : क आणि (ख किंवा ग). तीनच काँटॅक्ट! दिव्याचं वागणं तेच, माल कमी. हजारो रिले असलेल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ह्याची किंमत काय होत असेल, विचार करा. आणि हे आता अंदाजाने नाही, कागदावर गणित करून सिद्ध करता येत होतं.

तिसरं, जिना. खाली एक टू-वे स्विच, वर एक टू-वे स्विच. कुठलाही एक दाबला की दिव्याची अवस्था बदलते. म्हणजे दोन्ही स्विच सारख्या स्थितीत असले की दिवा बंद, वेगळ्या स्थितीत असले की चालू. आपण ह्यालाच एक्स-ऑर म्हणतो. आता स्विच खाली म्हणजे ० आणि वर म्हणजे १ असं मानून बायनरी बेरीज करा :

० + ० = ०, दिवा बंद.
० + १ = १, दिवा चालू.
१ + ० = १, दिवा चालू.
१ + १ = १०, म्हणजे शून्य लिहायचं आणि हातचा एक. दिवा बंद!

जिन्यातला दिवा बेरजेचा शेवटचा अंक दाखवतोय! राहिला हातचा. तो दोन्ही स्विच १ असतानाच येतो, म्हणजे सीरिजमधली साधी जोडणी. जिन्याचं वायरिंग आणि एक सीरिज सर्किट मिळून झाला हाफ अ‍ॅडर. शॅननच्या थिसिसमध्ये शेवटी दिलेल्या उदाहरणांत बायनरी बेरीज करणारं रिले सर्किट आहेच. जो माणूस घरोघरी जिन्याचं वायरिंग करतो, तो दर वेळी अर्धा अ‍ॅडर बसवून येतो. 'इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर'मधला 'आणि' म्हणजे हाच.

३) मग मास्टर्स म्हणजे नक्की काय?

ह्या गोष्टीतून मला एक मुद्दा पटला, आणि तोच ह्या लेखाचा गाभा आहे. बी.ई.ला आपल्याला प्रश्न दिलेले असतात आणि उत्तरं शोधायची असतात. मास्टर्सला प्रश्न स्वतः निवडायला शिकायचं असतं. शॅननकडे युनिव्हर्सिटींची यादी नव्हती. त्याच्यासमोर रिलेंचं एक किचकट सर्किट होतं आणि 'हे नीट मांडता येईल का' असा प्रश्न होता.

मास्टर्सचे साधारण तीन प्रकार असतात. फॉर्म भरताना हा फरक कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते.

(अ) कोर्सवर्क किंवा नॉन-थिसिस : विषय घ्या, परीक्षा द्या, एखादा प्रोजेक्ट करा, संपलं. अमेरिकेत साधारण ३० क्रेडिट्स. ज्यांना नोकरीसाठी एखादा विषय पक्का करायचा आहे त्यांना हे चांगलं.

(आ) थिसिसवालं : काही विषय आणि एका प्राध्यापकाबरोबर संशोधन. आपलं एम.टेक. साधारण असंच असतं. पहिलं वर्ष विषयांचं, दुसरं वर्ष मुख्यतः डिझर्टेशनचं.

(इ) संशोधनाची मास्टर्स : विषय कमी, संशोधन जास्त. आय.आय.टी. मद्रासची एम.एस. (बाय रिसर्च) आणि बंगळूरच्या आय.आय.एस्सी.ची एम.टेक. (रिसर्च) ह्या अशा पदव्या. गेटचा स्कोअर लागतो, पण मुलाखतीत तुम्ही विचार कसा करता ते बघतात.

आमच्या मजल्यावरच्या एक ताई बाहेर जाऊन आल्या. त्यांनी (अ) घेतलं होतं आणि त्यांना हवं होतं (आ). हे त्यांना तिथे तिसऱ्या सेमिस्टरला कळलं. त्या आज चांगल्या नोकरीत आहेत, तक्रार काही नाही. पण मला म्हणाल्या, "पैसे भरण्याआधी अर्धा तास बसून एवढं वाचलं असतं तर बरं झालं असतं गं."

४) प्रश्नांची बाजारपेठ

प्रश्न निवडायचा म्हणजे काय, तर आधी कुठले प्रश्न उघडे आहेत ते बघायचं. खाली काही देत आहे. वाचताना कुठल्या प्रश्नापाशी तुम्हाला थांबावंसं वाटतं ते स्वतःच बघा.

चिप डिझाईन : ट्रान्झिस्टर लहान करत गेलं तशी गळती, म्हणजे लीकेज, त्रास द्यायला लागली. २००५ च्या सुमारास प्रोसेसरचा क्लॉक वाढवत नेणं जवळपास थांबलं, कारण चिप तापायला लागली. म्हणून एका चिपवर अनेक कोअर आले. कमी वॉटमध्ये जास्त काम कसं करायचं, हा प्रश्न अजून संपलेला नाही.

कॉम्प्युटर आर्किटेक्चर : प्रोसेसर वेगवान झाला, पण मेमरी त्याच्याइतकी धावली नाही. प्रोसेसर डेटाची वाट बघत बसतो, आपण मेसच्या रांगेत पोळीची वाट बघतो तसा! ह्या विषयात आता हात घालणं सोपं झालंय, कारण २०१० साली बर्कलेत सुरू झालेलं रिस्क-फाईव्ह हे इन्स्ट्रक्शन सेट सगळ्यांना खुलं आहे. आय.आय.टी. मद्रासचा 'शक्ती' प्रोसेसर त्यावरच आधारलेला आहे.

कम्युनिकेशन : एखाद्या वाहिनीतून जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक पाठवता येईल, त्याची मर्यादा ह्याच शॅननने १९४८ साली सांगितली. पण तिथपर्यंत पोचायचं कसं ते नाही सांगितलं! रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० साली एम.आय.टी.च्या डॉक्टरेटच्या थिसिसमध्ये एल.डी.पी.सी. कोड मांडले. तेव्हाच्या मशीनना ते झेपण्यासारखे नव्हते, म्हणून तीसेक वर्षं ते मागेच पडले. १९९० च्या दशकात पुन्हा वर आले आणि आज फाईव्ह-जीच्या डेटा चॅनलमध्ये तेच आहेत.

पॉवर : आमच्या ब्रँचला सगळे 'जुनी' म्हणतात. पण ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताचं ग्रिड कोसळलं, आणि दुसऱ्या दिवशी तर पूर्व आणि ईशान्येचंही. सुमारे ६० कोटी लोकांची वीज गेली. आता ग्रिडवर सोलर वाढतंय. औष्णिक केंद्रात टनावारी वजनाचे रोटर फिरत असतात, अचानक लोड बदलला तर ते क्षणभर सांभाळून घेतात. सोलर पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नसतं. मग ५० हर्ट्झ सांभाळायचं कोणी? हे काम इन्व्हर्टरच्या आतल्या प्रोग्रॅमने करायचं. म्हणजे इथेही पुन्हा 'इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर'!

आपल्या मातीतलंही उदाहरण आहे. डॉ. विजय भटकर. नागपूरला इंजिनीअरिंग, बडोद्याला मास्टर्स, दिल्ली आय.आय.टी.त पीएच.डी. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला. बाहेरून सुपरकॉम्प्युटर मिळवताना अडचणी येत होत्या, मग आपण बांधू शकतो का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

५) दरवाजे तीन

प्रश्न थोडाफार सापडला की मग कुठे जायचं. मी तीन दरवाजांची माहिती काढली.

पहिला, गेट. परीक्षा फेब्रुवारीत, तीन तास, ६५ प्रश्न, १०० मार्क. त्यातले १५ अ‍ॅप्टिट्यूडचे आणि इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तर १३ मॅथ्सचे. म्हणजे २८ मार्क ब्रँचच्या बाहेरचे, ते सोडू नका. चुकलेल्या एमसीक्यूला मार्क कापतात, पण आकडा टाइप करायच्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नाही. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नाही : तिसऱ्या वर्षाला असतानाही गेट देता येते, आणि स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. म्हणजे पहिला प्रयत्न ह्याच वर्षी करून बघता येतो. आय.आय.टी., आय.आय.एस्सी., नागपूरचं व्ही.एन.आय.टी. यांच्याबरोबरच पुण्याचं सी.ओ.ई.पी. आणि मुंबईचं व्ही.जे.टी.आय. इथेही मास्टर्स होते. गेटवर प्रवेश मिळाला की महिना १२,४०० रुपये स्टायपेंड, बदल्यात आठवड्याला आठेक तास लॅब किंवा ट्युटोरियलचं काम. दोन वर्षांचे २,९७,६०० होतात. श्रीमंती नाही, पण घर तारण ठेवावं लागत नाही!

दुसरा, अमेरिका. बहुतेक ठिकाणी अर्जाची शेवटची तारीख डिसेंबर-जानेवारीत असते. जीआरई आता २०२३ पासून दोन तासांच्या आत संपते, आणि बऱ्याच विभागांनी ती ऐच्छिक केली आहे किंवा मागणंच सोडलं आहे. त्यामुळे क्लासला पैसे भरण्याआधी तुमच्या विभागाला ती हवी का ते बघा. शिकताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. पण मास्टर्सला स्कॉलरशिप किंवा असिस्टंटशिप मिळेलच असं नाही. ती प्रामुख्याने पीएच.डी.वाल्यांना मिळते. आणि बी.ई.नंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, हेही आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं. शिक्षणानंतर १२ महिने काम करण्याची मुभा (ओ.पी.टी.) असते, आणि २०१६ च्या नियमाने आपल्या शाखांना आणखी २४ महिने. पण हे नियम आहेत, हक्क नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांसाठी एकदम एक लाख डॉलरची फी जाहीर झाली, तेव्हा हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर त्या रात्री कोणी झोपलं नव्हतं. व्हिसाच्या भरवशावर कर्जाचं गणित मांडू नये, एवढं त्यातून शिकावं.

तिसरा, जर्मनी. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४-२५ पासून फी सुरू केली. म्हणजे 'जर्मनी फुकट' हे वाक्य आता तपासून घ्यायला हवं. शिवाय राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो), आणि भारतीय विद्यार्थ्यांना ए.पी.एस. सर्टिफिकेट लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून लवकर सुरुवात करावी. मास्टर्स इंग्रजीत मिळते, पण रोजच्या जगण्याला आणि नोकरीला जर्मन लागतंच.

६) घरच्या कागदांचा हिशोब

आता जरा कडू विषय. समजा ४० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षांत फेड. हप्ता किती? कॅल्क्युलेटर घ्या. महिना साधारण ५५ हजार रुपये! आणि शिकत असतानाही व्याज चढतच असतं, ते धरलं तर आणखी जास्त. एवढ्या कर्जाला बँका बहुधा घर किंवा ठेव तारण मागतात.

मी हे गणित बाबांना फोनवर करून दाखवलं. ते म्हणाले, "तुला चांगली नोकरी लागली की काय वाटणार नाही." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही कुणाच्या घराचं काम घेताना आधी लोड काढता ना? लोड न काढता मेन स्विच आणता का?" त्यावर मात्र ते हसले.

कर्ज काढू नका असं मी म्हणत नाही. ज्यांचा प्रश्न ठरलेला आहे, आणि तो शिकवणारे प्राध्यापक, ती लॅब तिथेच आहे, त्यांनी जरूर काढावं. पण आपल्याला काय शिकायचंय हेच माहीत नसताना आई-बाबांचं घर पणाला लावणं, हे मला तरी जमेना.

७) एसओपी आणि शिफारसपत्र

त्या कन्सल्टन्सीने मला एसओपीचा एक नमुना दिला होता. 'लहानपणी मी रेडिओ खोलून बघितला आणि तेव्हापासून मला इलेक्ट्रॉनिक्सची आवड निर्माण झाली.' मी आयुष्यात कधी रेडिओ खोललेला नाही! रूममेटच्या नमुन्यातही तोच रेडिओ निघाला. असले कागद वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीला कळत असणार.

आमच्या सरांनी सांगितलेली रीत साधी आहे. चार प्रश्नांची खरी उत्तरं लिहा. कुठला प्रश्न तुम्हाला सतावतो? त्यावर आत्तापर्यंत काय केलं, आणि कुठे अडकलात? पुढे जायला काय शिकायची गरज आहे? ते ह्याच विभागात का? तिसऱ्या उत्तरासाठी सिलॅबस बघा, चौथ्यासाठी तिथल्या एका प्राध्यापकांचा एक तरी पेपर वाचा. सगळा नाही समजला तरी चालेल. काय समजलं नाही ते नीट सांगता आलं तरी पुष्कळ.

शिफारसपत्राचंही तसंच. शेवटच्या आठवड्यात सरांच्या केबिनबाहेर रांग लावून सही घेतलेलं पत्र काही सांगत नाही. 'ही मुलगी पंक्च्युअल आहे' हे काय पत्र झालं? ज्या सरांना किंवा मॅडमना तुमचं काम माहीत आहे त्यांच्याकडे जा. आणि काम माहीत व्हायचं असेल तर फायनल इयरचा प्रोजेक्ट बाजारातून विकत आणू नका! सीनियर्सची ब्लॅक बुक झेरॉक्स करून मार्क मिळतील, प्रश्न मिळणार नाही.

८) तिसऱ्या वर्षाच्या मंडळींसाठी वेळापत्रक

आत्ता : एक वही घ्या. लेक्चरला, प्रॅक्टिकलला, जिथे 'असं का?' वाटेल ते तिथे लिहा. महिन्याने उघडून बघा. एकच विषय परत परत येत असेल तर तो तुमचा.

ऑगस्ट-सप्टेंबर : गेटचा फॉर्म. केटी लागलेल्यांनीही भरावा, त्याने काही बिघडत नाही.

फायनल इयरची सुरुवात : प्रोजेक्टचा विषय त्याच वहीतून काढा, आणि सरांना स्वतःहून भेटा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : बाहेर जाणाऱ्यांनी एसओपी लिहायला घ्यावा. शिफारसपत्रासाठी सरांना निदान महिनाभर आधी सांगावं.

डिसेंबर-जानेवारी : अर्ज. आठ नाही, तीन-चारच करा, पण प्रत्येकाचं 'इथेच का' स्वतःला सांगता येईल असे करा.

शेवटी...

माझं काय ठरलं, असं विचाराल. माझ्या वहीत इन्व्हर्टर आणि ५० हर्ट्झ परत परत आलं. म्हणून ह्या वर्षी गेट, विषय इलेक्ट्रिकल. स्कोअर आला तर इथेच एम.टेक. नाही आला तर तीन वर्षांत आणखी प्रयत्न आहेत, आणि मधल्या काळात नोकरी. बाहेरचा रस्ता बंद केलेला नाही, पण त्यासाठी घराचे कागद एवढ्यात कपाटाबाहेर काढायचे नाहीत, असं आईसमोर बाबांकडून कबूल करून घेतलं. आई म्हणाली, "चला, एकदाचं कुणीतरी हिशोब केला!"

परवा हा लेख बाबांना फोनवर वाचून दाखवला. जिन्याच्या दिव्याचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "हे दोन मजल्यांचं झालं. तीन ठिकाणांहून दिवा लावायचा असेल तर आम्ही मध्ये इंटरमीडिएट स्विच टाकतो. त्याचं काय होतं तुझ्या गणितात?"

मी कागदावर आठही अवस्था मांडल्या. दोन अंक आणि मागचा हातचा, अशा तिघांच्या बेरजेचा शेवटचा अंक तो दिवा दाखवतो. फुल अ‍ॅडरचा सम! मी हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मी गेली पंचवीस वर्षं कॉम्प्युटर बसवतोय म्हण की!"

तर मित्र-मैत्रिणींनो, बाबांना प्रश्न पडला. आता तुमचा प्रश्न शोधा. देश आणि कॉलेज त्यानंतर बघता येईल. लागा तर मग कामाला!

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी